टाकी भरली हे मोटरला कोण सांगणार?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर नावाचे गाव आहे. तेथे शिक्षक तयार करणारी एक शाळा होती आणि वॉरन जॉन्सन हे तिथले अध्यापक होते. हिवाळ्यात वर्ग उबदार ठेवण्यासाठी तळघरात भट्टी पेटवलेली असे. वर्गात किती ऊब आहे हे भट्टीपाशी बसून कळण्याचा काही मार्ग नव्हता. त्यामुळे शिपाई प्रत्येक वर्गात येऊन तापमापक पाहत असे आणि मग खाली जाऊन भट्टीची झडप कमीजास्त करत असे. शिकवण्यात पुन्हा पुन्हा व्यत्यय येई. जॉन्सन यांनी यावर उपाय काढला. वर्गातील तापमान ठरावीक मर्यादेबाहेर गेले की तळघरात विजेची घंटा वाजेल अशी त्यांनी सोय केली. १८८३ साली या उपकरणाचे पेटंट त्यांना मिळाले आणि १८८५ मध्ये मिलवॉकी येथे त्यांची कंपनी उभी राहिली. इमारतींमधील स्वयंचलित नियंत्रणाच्या इतिहासातले एक महत्त्वाचे पान असे एका शिक्षकाने लिहिले आहे. तेही तास नीट व्हावा, एवढ्याच साध्या गरजेपोटी!

आमची गरजही अशीच साधी होती. आमच्या घरी नळाचे पाणी पहाटे खालच्या हौदात येते. तेथून मोटर लावून ते गच्चीवरील टाकीत चढवायचे. मोटर लावली आणि ती बंद करायला विसरलो, हा प्रकार आठवड्यातून एकदा तरी होई. पाणी गच्चीवरून रस्त्यावर पडू लागले की शेजारी हाक मारत. तापमापक आणि भट्टी यांच्यामध्ये जे अंतर होते, तेच येथे टाकी आणि मोटर यांच्यामध्ये आहे. टाकी वर, मोटर खाली, आणि दोघींमधला निरोप्या म्हणजे विसराळू माणूस.

घरातील यंत्रांना परस्परांशी बोलते करणे याला आज ‘स्मार्ट होम’ असे भारदस्त नाव आहे. दुकानात त्याची तयार साधनेही मिळतात. आम्ही मात्र हे काम घरातल्याच एका छोट्या संगणकावर, स्वतःच्या हाताने उभे केले. त्यात आम्हांला जे शिकायला मिळाले, ते शिक्षकांना आणि मोठ्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असे वाटते.

जाणणे, ठरवणे, करणे

कोणत्याही स्वयंचलित यंत्रणेत तीन कामे असतात. काय घडते आहे ते जाणणे, त्यावरून काय करायचे ते ठरवणे आणि ते प्रत्यक्ष करणे. केलेल्या कामाचा परिणाम पुन्हा जाणला जातो आणि चक्र पूर्ण होते. यालाच प्रतिभरण किंवा फीडबॅक म्हणतात.

ही कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्तेसिबियसने जलघड्याळासाठी तरंगता गोळा वापरला होता. पाणी चढले की गोळा वर येऊन येणारी धार अडवी. आपल्या संडासाच्या टाकीत तेच तत्त्व आजही काम करते. येथे तिन्ही कामे एकच गोळा करतो. त्याला वीज लागत नाही आणि संगणकही लागत नाही. म्हणूनच तो इतकी शतके टिकून आहे.

मग आम्हीही गोळाच का बसवला नाही? खरे तर तोही बसवला आहे. त्याची गोष्ट पुढे येईलच. पण आम्हांला आणखीही काही हवे होते. हौदात पाणी नसेल तर मोटर लागू नये, रात्री ती वाजू नये, आणि रोज किती पाणी वापरले जाते तेही कळावे. अनेक गोष्टी एकदम लक्षात घेऊन निर्णय करायचा झाला की गोळ्याचे शहाणपण अपुरे पडते.

एक रेघ की दोन?

समजा, आपण असा नियम केला: ‘पाणी ११० सेंटिमीटरच्या खाली गेले की मोटर चालू, वर गेले की बंद.’ नियम बिनचूक वाटतो. पण पाणी रेघेपाशी आले की काय होईल? पडणाऱ्या धारेने पृष्ठभागावर लाटा उठतात. एक लाट रेघेवर, दुसरी रेघेखाली. मोटर क्षणात चालू, क्षणात बंद होईल. मोटर सुरू होताना ती नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. असे दर सेकंदाला होऊ लागले तर तिचे वेटोळे जळायला वेळ लागणार नाही.

उपाय सोपा आहे. रेघा दोन आखायच्या. पाणी ४० सेंटिमीटरपर्यंत उतरले की मोटर चालू करायची आणि ११० पर्यंत चढले की बंद करायची. मधल्या पट्ट्यात काहीच बदलायचे नाही. जे चालले आहे ते चालू द्यायचे. म्हणजे पाणी ७० सेंटिमीटरवर असताना मोटर चालू आहे की बंद, हे केवळ पातळीवरून सांगता येत नाही. पाणी तेथे चढत आले की उतरत आले, यावर ते अवलंबून असते. यंत्रणेला मागचे थोडे स्मरण राहते. भौतिकशास्त्रात या गुणधर्माला हिस्टेरेसिस म्हणतात. चुंबकाच्या अभ्यासात हा शब्द आपण शिकवतोच. इस्त्री आणि फ्रिज यांतही हीच युक्ती असते. अमेरिकन शास्त्रज्ञ ऑटो श्मिट यांनी १९३४ मध्ये, विद्यार्थिदशेत मज्जातंतूंमधील संदेशांचा अभ्यास करत असताना, हेच काम करणारे विद्युत मंडल तयार केले. ते आज ‘श्मिट ट्रिगर’ या नावाने ओळखले जाते.

आवाजाची मोजपट्टी

पाण्याची पातळी मोजण्यासाठी आम्ही ध्वनीचा उपयोग केला. टाकीच्या झाकणाला, तळापासून १४० सेंटिमीटरवर, एक संवेदक म्हणजे सेन्सर लावला. तो सुमारे ४० किलोहर्ट्‌झ कंप्रतेचा ध्वनी खाली सोडतो. हा ध्वनी आपल्याला ऐकू येत नाही. पाण्यावरून तो परततो आणि जाऊन येण्यास लागलेला वेळ मोजला जातो. वटवाघूळ असेच अंतर ओळखते.

हिशेब करून पाहू. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३३१ + ०.६ × तापमान इतके मीटर असतो. तापमान अंश सेल्सिअसमध्ये घ्यायचे. ३० अंशांना तो ३४९ मीटर येतो. पाणी १ मीटर खाली असेल तर ध्वनी २ मीटर प्रवास करील आणि त्यास सुमारे ५.७ मिलिसेकंद लागतील.

सूत्रात तापमान आहे याकडे आम्ही सुरुवातीला दुर्लक्ष केले आणि वेग कायम ३४० धरला. मग दुपारी कोणी पाणी वापरलेले नसतानाही टाकीतले पाणी वाढलेले दिसू लागले! टाकीतली हवा ४० अंशांपर्यंत तापली की वेग ३५५ होतो. प्रतिध्वनी लवकर परततो आणि यंत्राला पाणी जवळ आल्यासारखे वाटते. १ मीटर अंतरात ही चूक सुमारे ४ सेंटिमीटर होते. आमच्या टाकीचा व्यास १ मीटर आहे, म्हणजे १ सेंटिमीटर उंचीत सुमारे ७.८५ लिटर पाणी मावते. तेव्हा दुपारचे हे भासमान पाणी तीसेक लिटर होते. टाकीत एक तापमापक सोडल्यावर ते नाहीसे झाले.

या संवेदकाची आणखी एक मर्यादा आहे. ध्वनी सोडल्यावर त्याचा पडदा क्षणभर थरथरत राहतो आणि तेवढा वेळ तो बहिरा असतो. त्यामुळे सुमारे २० ते २५ सेंटिमीटरच्या आतील अंतर त्याला कळत नाही. टाकी काठोकाठ न भरता पाणी संवेदकापासून ३० सेंटिमीटरवर थांबवण्याचे कारण हेच.

निर्णय कोठे होतो?

स्वतःची यंत्रणा उभारण्यापूर्वी आम्ही बाजारातून एक तयार ‘स्मार्ट’ प्लग आणला होता आणि तो बैठकीतल्या दिव्याला लावला होता. फोनवर बोट ठेवले की दिवा लागे. पुढे रस्त्याच्या खोदकामात तार तुटली आणि दोन दिवस इंटरनेट बंद पडले. फोन हातात, प्लग समोर, अंतर चार फूट; पण फोनवरून दिवा लागेना. तेव्हा कोठे आमच्या लक्षात आले की फोनचा हुकूम सरळ प्लगकडे जातच नव्हता. तो घराबाहेर पडून कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जाई आणि तेथून परत घरात येई. खिडकीतून हाक मारता येईल अशा शेजाऱ्याला परगावाहून पत्र पाठवावे, तसा हा प्रकार!

असा दूरचा संगणक कायमचाच बंद झाला तर? असे घडलेले आहे. रिव्हॉल्व्ह नावाचे, घरातील साधने जोडणारे एक यंत्र अमेरिकेत सुमारे ३०० डॉलरना विकले जाई. ती कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये तिची सेवा बंद केली. लोकांच्या घरातील ती यंत्रे मोडलेली नव्हती, पण निरुपयोगी झाली. वस्तू आपल्या घरात होती, तिचे डोके मात्र दुसऱ्याच्या घरी होते.

म्हणून आम्ही हे डोके घरी आणायचे ठरवले. वहीएवढाही नसलेला एक छोटा संगणक घेतला. तो सरासरी ४ वॅट वीज खातो, म्हणजे वर्षाला सुमारे ३५ युनिट. त्यावर ‘होम असिस्टंट’ ही प्रणाली बसवली. पाउलुस स्खाउट्सेन यांनी २०१३ मध्ये तिची सुरुवात केली. ती विनामूल्य आहे आणि तिचा मूळ आराखडा कोणालाही वाचता येतो. जगभरच्या हौशी लोकांनी तिच्यात भर घातली आहे. २०२४ पासून ‘ओपन होम फाउंडेशन’ ही ना-नफा संस्था तिची व्यवस्था पाहते. इंटरनेट बंद असले तरी घरातील वायफाय चालू असते, त्यामुळे आमचे काम अडत नाही.

निरोपांचा फळा

टाकीतला संवेदक, खालची मोटर आणि संगणक यांनी एकमेकांशी बोलायचे कसे? त्यासाठी आम्ही एमक्यूटीटी ही पद्धत वापरतो. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९ मध्ये ती तयार केली. वाळवंटातून जाणाऱ्या तेलाच्या नळांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवायचे होते. उपग्रहाचा निरोप महाग, म्हणून पद्धत अगदी काटकसरीची हवी होती.

शाळेतील सूचना फलक डोळ्यांसमोर आणा. सूचना लावणारा कोणाच्याही वर्गात जात नाही. तो ‘सहल’, ‘परीक्षा’ अशा शीर्षकाखाली कागद लावतो. ज्याला सहलीत रस आहे तो ते शीर्षक पाहतो. लावणारा आणि वाचणारा यांची ओळख असण्याची गरज नसते. आमचा संवेदक दर दहा सेकंदांनी ‘घर/टाकी/पातळी’ या शीर्षकाखाली एक आकडा लावतो. तो कोण वाचते, याची त्याला फिकीर नाही. उद्या स्वयंपाकघरात पातळी दाखवणारा दिवा बसवला, तरी संवेदकात काहीच बदल करावा लागणार नाही.

या पद्धतीत एक फार सुंदर सोय आहे. फळ्याशी जोडले जाताना प्रत्येक यंत्र आपले मृत्युपत्र देऊन ठेवू शकते: ‘माझा संपर्क अचानक तुटला, तर माझ्या वतीने एवढा निरोप लावा.’ आमच्या संवेदकाचे मृत्युपत्र आहे, ‘मी आता नाही.’ हा निरोप लागला की मोटर थांबते.

हजार लिटरचा धडा

एवढी सिद्धता करूनही आमची फजिती झालीच. एका पहाटे संवेदकाच्या पडद्यावर वाफेचे थेंब साचले आणि त्याला प्रतिध्वनी ऐकू येईना. आमच्या आज्ञावलीत आम्हीच लिहून ठेवले होते की प्रतिध्वनी आला नाही तर मागचाच आकडा पुन्हा पाठवावा. त्यामागे एखादी चुकार नोंद गाळावी, एवढाच हेतू होता. पण पातळी ६२ सेंटिमीटरवर अडकून बसली. संपर्क शाबूत होता, त्यामुळे मृत्युपत्राचा प्रश्नच नव्हता. मोटर पन्नास मिनिटे चालली. आमच्या मोटरने मिनिटाला ४ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ३१ लिटर पाणी चढते. टाकी भरायला सोळा-सतरा मिनिटे लागली आणि नंतरचे हजारावर लिटर पाणी रस्त्यावर गेले. माणसाच्या विसरण्याने इतके पाणी कधी गेले नव्हते. आम्ही यंत्रावर विसंबून निश्चिंत झोपलो होतो, हेच त्याचे कारण.

नंतर आम्ही चार गोष्टी केल्या. प्रतिध्वनी आला नाही, तर ‘माहीत नाही’ असाच निरोप जातो. जुना आकडा नवा म्हणून सांगणे म्हणजे खोटे बोलणे होय. मोटर चालू असूनही पाच मिनिटांत पातळी वाढली नाही, तर ती बंद होते. याने हौद कोरडा असतानाही मोटर वाचते. तिसरे, पंचवीस मिनिटांची कमाल मर्यादा मोटरजवळच्या चिपमध्येच लिहिली. घरचा संगणक अडकला तरी ती लागू राहते. आणि चौथे, टाकीत क्तेसिबियसचा गोळा बसवला. पाणी फारच चढले की तो मोटरच्या स्टार्टरचे मंडल स्वतःच तोडतो. त्याला कोणाच्याही निरोपाची वाट पाहावी लागत नाही.

येथे सावधगिरीचा एक शब्द. चिप ३.३ व्होल्टवर चालते आणि मोटर २३० व्होल्टवर. मोटरची तार चिपजवळच्या लहान रिलेतून थेट नेऊ नये. मध्ये योग्य क्षमतेचा काँटॅक्टर हवा आणि ते काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे. आम्हीही तेच केले.

आईचा प्रश्न

पाण्याचे मार्गी लागल्यावर उत्साह वाढला. आमच्या वृद्ध आईला रात्री उठताना अंधारात चाचपडावे लागे. म्हणून तिच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत हालचाल ओळखणारा संवेदक लावला. आपल्या शरीरातून सतत अवरक्त किरण बाहेर पडत असतात. त्यांतील सर्वांत तीव्र किरणांची तरंगलांबी ९ ते १० मायक्रोमीटरच्या आसपास असते. माणूस हलला की संवेदकावर पडणाऱ्या या किरणांत बदल होतो आणि मंद दिवा लागतो. आई खूश झाली.

एका सकाळी आम्ही तिला सहज विचारले, “काल तीनदा उठलीस, झोप लागली नाही का?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “हे तुम्हांला दिव्याने सांगितले? दिवा लागू दे. पण माझ्या उठण्याबसण्याची वही कशाला?”

आम्ही निरुत्तर झालो. कंपनीच्या संगणकात आमच्या घराची माहिती जाऊ नये म्हणून एवढा खटाटोप केला होता, आणि घरातल्या घरात आम्हीच त्या कंपनीच्या जागी बसलो होतो. प्रणालीत कोणत्या संवेदकाची नोंद ठेवायची आणि कोणत्याची नाही, हे ठरवता येते. त्या दिवाणखान्यापलीकडच्या संवेदकाची नोंद आम्ही आईसमोर बंद केली आणि जुनी पुसून टाकली. दिवा आजही लागतो, वही नाही. रात्री ती पडली तर कळावे कसे, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी तिने पलंगाशी आणि न्हाणीघरात एकेक घंटेचे बटण मान्य केले. ते दाबायचे की नाही, हे ती ठरवते.

वर्गात करून पाहा

यासाठी संगणक लागत नाही. एका बादलीला तळाशी लहान भोक पाडा, आत पट्टी उभी करा आणि ती नळाखाली ठेवा. तीन विद्यार्थी घ्या. पहिला फक्त पातळी वाचून सांगेल, दुसरा बादलीकडे पाठ करून लेखी नियमाप्रमाणे हुकूम देईल आणि तिसरा नळ फिरवील. आधी एकाच रेघेचा नियम द्या, मग दोन रेघांचा. प्रत्येक वेळी दहा मिनिटांत नळ किती वेळा फिरवावा लागला ते मोजा. नंतर पहिल्याला गुपचूप सांगा, की आता एकच आकडा सांगत राहा. दुसऱ्याला फसवणूक कधी कळते? ती लवकर कळावी म्हणून त्याला कोणता नियम देता येईल? हे मुलांनाच शोधू द्या.

दुसरा उपक्रम वहीतला आहे. एका काल्पनिक घरात कोणता दिवा किती वाजता लागला आणि विझला, याचा आठवड्याचा तक्ता फळ्यावर लिहा. घरात माणसे किती, घर रिकामे केव्हा असते, कोणाची परीक्षा जवळ आली आहे, हे मुलांना ओळखायला सांगा. मुले बरेच काही ओळखतात. मग विचारा, हा तक्ता कोणाच्या हाती असावा?

आमच्या मोटरचे जुने बटण भिंतीवर तसेच आहे आणि आई अजूनही अधूनमधून तेच दाबते. ते काढू नये, असे आमचे मत आहे. आपल्या वर्गात एका रेघेला आणि दोन रेघांना नळ किती वेळा फिरवावा लागला, ते आम्हांला जरूर कळवा.